पाव तासाचं गाव

अकरा जण आलेत आज. दोन छत्र्या, एक ओला कुत्रा
आणि एक मुलगा, ज्याला यायचंच नव्हतं.
हिल्डा टोलहर्स्ट बिस्किटांचा डबा हातोहात फिरवते,
माणशी पाच पौंड; डब्यात डोकावत मात्र नाही.
"चला. जपून. इथले गोटे कुणाची गय करत नाहीत."

गावाचं नाव राय.
टेकडीही राईएवढीच; तिचा पर्वत करायला
एकवीस वर्षं लागली हिल्डाला,
रोज थोडा थोडा, दुपारी दोन ते साडेतीन.

"वेशी होत्या चार. उरली ही एकटी.
बाकीच्यांतून काय काय पळालं, त्यांनाच ठाऊक."
इथे एक जण तरी हसतो.
आज कुत्रा झटकतो अंग.

वरच्या गल्लीत घरं वाकून बघतात,
काळी लाकडं, मधे चुना, खिडक्यांना मोतीबिंदू.
दारांवर आकडे नाहीत, नावं आहेत:
एक 'दोन दारांचं घर',
आणि एक नुसतंच 'समोरचं घर'.
"कुणाच्या समोरचं?" – छत्रीवाल्या बाई.
"समोरच्याच्या," हिल्डा म्हणते, आणि पुढे चालू लागते.

खानावळीपाशी आवाज खाली आणते.
तस्कर म्हणे टेबलावर पिस्तुलं ठेवून प्यायचे
आणि गाव आपली खिडकी लावून घ्यायचं.
"आमच्या तळघरात एक भिंत पोकळ वाजते.
मी तिथे बटाटे ठेवते."

मग घंटा.
फ्रेंच आले, गाव जाळलं, देवळातल्या घंटा काढून नेल्या.
वर्षभरानं इथले गडी बोटी घेऊन गेले पलीकडे
आणि घंटा घेऊन आले.
पलीकडे त्या दिवशी काय जळलं,
हे हिल्डा पूर्वी सांगत नसे.
आता सांगते. फार नाही, एका वाक्यात.

चर्चच्या मधोमध लांबलचक लंबक झुलतो,
वर, बाहेर, दोन सोनेरी पोरं
पाव तासाला टोला देतात.
"पाव, अर्धा, पाऊण. तास मात्र सांगत नाहीत."
"का?" मुलाचा हा पहिला शब्द.
"सांगितलं तर लोक घरी जातील."

तोफांच्या बागेत सगळे कठड्याला टेकतात.
तोफा अजून समुद्राकडे तोंड करून;
निशाण्यावर मेंढरं.
"समुद्र कुठाय?"
याचं उत्तर पाठ आहे तिला:
तीन नद्यांचा गाळ, वादळानं सरकलेले खडे,
बांध घालून केलेली खाजणं, माणसाची हाव;
जिथे गलबतं नांगरायची तिथे कोकरं दूध पितात.
ती ओठ उघडते, आणि तिला दिसते
सायरिलची वही.

तीस वर्षं तो नदीच्या झडपांवर होता.
रोजची भरती, इंच आणि तारीख, पेन्सिलीनं.
तो गेला त्या दिवशीची रेघ तिनं घातली,
दुसऱ्या दिवशीचीही, आणि मग सुटलंच नाही.
वहीतले आकडे कसे चढत जातात,
हे कळायला गणित लागत नाही.
मागच्या मार्चमध्ये दोन माणसं आली,
तिच्या पायरीच्या वर, भिंतीवर, निळी रेघ मारून गेली.
चहा दिला त्यांना. साखर दोन चमचे, दोघांनाही.

"गेला होता," ती मुलाला म्हणते.
"येतोय."
छत्रीवाल्या बाईंना हे ऐकू गेलं नाही,
त्या मेंढरांचा फोटो काढत होत्या.

वेशीपाशी परत मोजणी: दहा.
आई कावरीबावरी. हिल्डा काठीनं वर दाखवते;
कठड्यावर हनुवटी टेकून तो एकटाच, डोळे बारीक करून.
"ओरडू नका. इथे पूर्वी त्या कामाचा पगार मिळायचा."

सगळे गेल्यावर डबा उघडते:
पन्नास पौंड, आणि कुणाच्या तरी कोटाचं बटण.
बटण खिशात टाकते, चांगलं आहे, पितळी.
वर पोरं टोला देतात.
पाऊण.
किती वाजून, ते नाही.