श्वासाचं भोक

उद्यमबागेत माझी ओळख एवढीच :
लुमाण्णा पॅटर्नवाला.
लोखंडात जे काही ओतायचं
ते आधी माझ्या हातून सागवानात जन्मतं.
पंपाची पोटं, ट्रॅक्टरचे कान,
एकदा तर कुठल्याशा देवळाच्या घंटेचा लोलक.

दसऱ्याच्या आधी एक ड्रॉइंग आलं.
आकडा. मागं दोराला डोळा,
आणि टोकाला टोकच नाही,
लिंबाएवढा गोळा, गुळगुळीत.

आयुष्यभर आकडे पाहिलेत मी :
विहिरीतली घागर काढायचा,
खाटकाच्या दुकानातला,
उसाच्या ट्रॉलीचा.
बोथट आकडा रुततो कशात?

ऑफिसातला प्रीतम मोबाईल पुढे धरून म्हणाला,
"मामा, रुतायचंच नाही त्यानं. तेच तर.
देवमाशाच्या डोक्यावर भोक असतंय, श्वासाचं.
त्यात घालायचं नि काठाला ओढायचं.
कातडी फाटत नाही. दयाळू हाय म्हणतेत.
त्यांची परंपराच हाय की ती, बापजाद्यापासून."

पडद्यावर खाडी. पाणी
नुकत्याच ओतलेल्या रसासारखं लाल.
कमरेएवढ्या पाण्यात बाप्ये, आणि काठावर
बापाच्या खांद्यावर बसलेलं एक पोर.

त्या पोराला मी ओळखतो.

शिमग्याची पारध, जांबोटीचं रान,
मी आठ वर्षांचा, हातात तेलाचा रिकामा डबा.
"नुसता बडव," आजा म्हणाला, "थांबू नको."
अर्ध्या गोलात सगळा गाव, हलग्या, शिट्ट्या, कुत्री,
आणि पुढं, आवाजाला भिऊन
दरीकडं पळत सुटलेलं रान.
भेकर पडलं ते माझ्यासमोर.
नाकपुडीवर रक्ताचा एक बुडबुडा
फुगला, बसला, फुगला.
मी डबा बडवतच होतो.
रात्री पळसाच्या पानावर आमचा वाटा आला.
चवदार होता. खोटं कशाला बोलू.

म्हणून त्या बेटावरच्यांना
राक्षस म्हणवत नाही मला.
परंपरा म्हणजे काय ते ठाऊक आहे :
हातात डबा असतो
आणि थांब म्हणणारं कुणी नसतं.

भट्टीवरचा इराप्पा डोकावून म्हणाला,
"आमच्यात तिमिंगिल म्हणतेत याला."
बोर्डावरच्या अक्षरांपायी दगड झेललेलं हे गाव.
मासा त्यानंही पाहिलेला नाही, मीही नाही.
समुद्र चोर्ल्याच्या घाटाखाली, परक्या राज्यात.
तरी नाव ठेवणाऱ्यानं
नावात देव घालून ठेवलाय,
आम्हाला न विचारता.

साचा भरताना पोरांना मी पहिलं शिकवतो ते हे :
तार घाल, वाळूत भोकं पाड.
साच्याला श्वास लागतो.
भोक बुजलं की रस उसळतो,
ओतणाऱ्याच्या तोंडावर येतो.
तीस वर्षं भोकं मोकळी ठेवून पोट भरलं,
आता भोकात घालायचा गोळा कोरू?

मालकांना सांगितलं. रागावले नाहीत.
"बरं," म्हणाले, आणि काम मच्छ्याच्या एका शेडला गेलं.
तिथं कुणीतरी केलंच असणार.
बोटी सुटल्या असणार अर्ध्या गोलात,
पाण्यावर दगड आपटत.

माझ्याकडं अर्धा कोरलेला पॅटर्न उरला.
जुनं सागवान, टाकवेना.
पहाटे न्हाणीच्या चुलीत सारला.
बाकी सगळं जळलं, गोळा तेवढा
उशिरापर्यंत लाल डोळ्यासारखा.

पाणी तापलं ते नातीच्या न्हाणाला.
दीड महिन्याची. सुनेनं तेलाची वाटी पुढं केली,
"मामंजी, तुम्ही घाला आज."
टाळू भरली नव्हती अजून,
बोटाखाली वर होत होती, खाली होत होती.
माझा अंगठा कामानं झिजलेला,
बोथट, गुळगुळीत, जड.

उचलून घेतला.
वाटीतूनच धार सोडली.