नववी ब, फ्रेंचचा तास

तासाला कोण किती बोललं
ते मी हजेरीच्या मागच्या पानावर मोजत होते :
मुलगे एकोणीस मिनिटं, मुली साडेतीन,
त्यातलं एक “मॅडम, पाणी प्यायला जाऊ?”
पेपरात मात्र उलटं.
मुलींच्या वहीत अक्षरावरची एक टोपीही वाकडी नाही.

प्रशिक्षणात म्हणाले होते, व्याकरण झाकून ठेवा,
तोडकंमोडकं चालेल, बोलू द्या.
म्हणून विश्रामबागच्या त्या वर्गात
आज बाकं सरकवली, बाजार मांडला.
पुस्तकात पाव आणि चीज होतं.
सुप्रभा मगदूमनं डब्याच्या झाकणात
हळकुंडं आणली होती;
तिची आई मार्केट यार्डात हळद निवडते.

“हळद तिकडे पुल्लिंगी,” मी म्हणाले.
“आं?”
तिनं झाकणाकडे असं पाहिलं
की घरातल्याच कुणीतरी इतकी वर्षं
काहीतरी लपवून ठेवलं होतं.

गिऱ्हाईक तन्मय आरवाडे.
भाव विचारला. चुकीचा,
पण मोठ्या आवाजात.
मग घासाघीस : से त्रो शेर, फार महाग.
जूनपासून मान खाली घालून बसलेली पोरगी
कमरेवर हात ठेवून उभी राहिली.
नों, मस्यू. नों. राजापुरी!
तिथं तिचं फ्रेंच संपलं,
“घ्यायची नसंल तर हात लावू नगंस.”
वर्ग हसला. तन्मयनं खरंच हात मागं घेतला.
घड्याळ बघायचं माझ्या ध्यानात राहिलं नाही.

घंटा झाल्यावर ती म्हणाली, “मॅडम, मी जातो.”
आणि जीभ चावली. “जाते.”
मराठीच्या सरांनी लाल पेनानं गोल केलेला तो ‘तो’.
आमची आई तासगावात अजून म्हणते,
मी आलो, मी जेवलो.
मीही म्हणत होतो,
पुण्याच्या वसतिगृहात पोरी हसल्या तोवर.

मी फळ्यावर लिहिलं : ज्य पार. मी जाते. मी जातो.
“दोन्हीला एकच?”
“एकच.”
“मग कुणी गेलं ते कळतंय कसं?”
“बघून.”

उद्या सांगावं लागेल,
‘मी गेले’ लिहिताना शेवटी एक जादा अक्षर लागतं,
बाईचं.
कागदावर दिसतं, कानाला येत नाही.
उद्या.

ती जिन्यावरून दोन दोन पायऱ्या उतरत,
ज्य पार, ज्य पार,
तळमजल्यापर्यंत ऐकू येत होती.
मी खडू डबीत टाकला, पंखा बंद केला,
निघालो.