हरकती व सूचना

प्रति, नगररचना विभाग, नाशिक.
विषय : बांधकाम साहित्याच्या तपासणीचे नवे नियम, मसुदा.

महोदय,
मसुदा वाचला. दोनदा वाचला.
एकदा बसमध्ये, म्हसरूळहून अंबडला येताना,
एकदा यंत्राशेजारी, दोन ठोकळ्यांच्या मधल्या वेळात.
मी हेमलता निरभवणे.
एकोणीस वर्षं ठोकळे फोडते.

काम एवढंच.
दीडशे मिलिमीटरचा काँक्रीटचा चौरस,
अठ्ठावीस दिवस पाण्यात निजवलेला,
टाकीतून काढायचा, न्हालेल्या पोरासारखा टिपायचा,
दोन पोलादी तळव्यांत ठेवायचा
आणि काटा बघत राहायचं.
आधी कोपऱ्यातून बारीक करकर,
अंधारात कुणी शेंगा सोलत बसल्यासारखी,
मग दणका.
मग मी आकडा लिहिते.

ठोकळे आमच्याकडे कसे येतात
तुम्हाला ठाऊक असणारच.
मसुद्यात मात्र ते नाही.
पाहुण्याच्या कपात साय, घरच्यांना कोरा.
साच्यासाठी सिमेंट दोन घमेली जास्त,
वाळू धुतलेली, खडी निवडलेली,
सुपरवायझर स्वतः उकिडवा बसून सळईने ठोसतो.
वर स्लॅबला मग दगडाची भुकटी
आणि ट्रकमध्येच पाइप सोडून वाढवलेलं पाणी.

एका शेडमध्ये मी पाहिलंय,
इमारत एक, स्लॅब सात,
ठोकळे सगळे एकाच सकाळचे,
तारखा नंतर खिळ्याने कोरलेल्या.
एका आईची मुलं ओळखू येतात हो,
हातात घेतली की वजनावरून.
मी ओळखली.
आकडा लिहिला.
रकाना फक्त आकड्याचा होता.

चुंचाळ्याच्या 'मधुसंचय'चा सज्जा पडला
तेव्हा खाली सोपान परदेशीचं इस्त्रीचं टेबल होतं.
सोपान कोळशाकडे वळलेला,
डावा हात तेवढा टेबलावर,
कुणाच्या तरी शाळेच्या शर्टाची कॉलर धरून.
दोन बोटं गेली.
शर्टही गेला, त्याचे पैसे त्याने भरून दिले.

मी रजिस्टर काढलं.
सहाशे चाळीस किलोन्यूटन. उत्तीर्ण.
खाली माझी सही, 'र'ची शेपटी लांब.
चौकशीला आलेल्यांना आकडा आवडला.
खोटं काही नव्हतंच त्यात.
ठोकळा खरा होता,
फक्त त्या घरात कधी राहिला नव्हता.

तर सूचना.
कलम चार राहू द्या. स्लॅबलाच भोक पाडा, गाभा काढा,
जागा चिठ्ठी टाकून ठरवा,
आणि चिठ्ठी कुणाच्या खिशातून निघाली तेही लिहा.
कलम नऊ खोडा.
प्रयोगशाळा विकासकाने निवडावी, पैसे विकासकाने द्यावेत.
ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी,
साहेब, आमच्याकडे टाळ्या फार वाजतात.
मी एकदा 'नापास' लिहिलं होतं.
दोन महिने एकही ठोकळा आला नाही,
टाकीतल्या पाण्यावर
पंख्याची सावली गरगरत राहिली
आणि मालक माझ्याशी फार गोड बोलायचे.

आणि एक रकाना वाढवा.
कुठून आणला, कुणी ओतला.
दोन बोटं रुंद असला तरी पुरेल.

हरकत म्हणाल तर माझ्यावरच आहे.
घरी पाण्याच्या पिंपाखाली एक ठोकळा आहे,
'मधुसंचय'च्या संचात जास्तीचा आलेला,
न फोडलेला.
पिंप भरलं की दोनशे किलो होतं.
नऊ वर्षांत केसभर हललेला नाही.
सुनावणीला हवा असेल तर घेऊन येते.
रिक्षाचं भाडं माझं.

कळावे,
हे. निरभवणे