लाइट ड्युटी

डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं,
'उभं राहण्याचं काम देऊ नये.'
म्हणून तेवीस वर्षं उभी असलेली मी
आता सातारा डेपोत बसते.
पास विभाग, खिडकी क्रमांक तीन,
फायबरची खुर्ची, एक पाय आखूड,
त्याखाली घडी घातलेला पुठ्ठा.

इथली फरशी हलत नाही.
पहिला आठवडा त्याचंच नवल.
मग नवल संपलं, आणि आत
काहीतरी खाली बसत गेलं,
कळशी हलवली नाही की गाळ बसतो तसं.

घरी विचारतात, काय होतंय?
काही होत नाही.
तेच तर.

ब्लाउजचं माप घेताना सरताजभाभी म्हणाल्या,
'ताई, डावा खांदा बोटभर खालीय तुमचा.
शिवू कसं? त्याच्या मापाचं की ह्याच्या?'
मी आरशात पाहिलं.
बॅग त्याच खांद्याला असायची,
चामड्याची, सुट्ट्या पैशांनी पोट सुटलेली.
ती जमा करून चार महिने झाले, पावती आहे माझ्याकडे.
खांद्याला कुणी कळवलेलं दिसत नाही.

आणि मन, ते तर अडाणी,
खांद्याकडे बघून हिशोब करतं:
ज्या अर्थी वाकलोय
त्या अर्थी ओझं असणार.
मग ते ओझं हुडकायला निघतं.
नणंदेचं बारशातलं बोलणं,
पुण्याहून न आलेला फोन,
भिशीत अडकलेले तीन हजार,
सापडेल ते आणतं
आणि नसलेल्या बॅगेत टाकतं.

खिडकीच्या काचेला हातभर भोक आहे.
तिथून बोलायला गळा पुरतो.
बामणोलीच्या गाडीत नाही पुरायचा.
यवतेश्वरच्या घाटात गाडी कण्हायला लागली
की 'मागं सरका, मागं जागाय'
हे बेंबीपासून काढावं लागायचं.
दिवसाला दोनशे वेळा.
कुणी त्याला प्राणायाम म्हटलं नाही,
भत्ताही दिला नाही.

परवा सुटताना फडतरे दिसले, स्टिअरिंगवर.
'रिकामीच न्यायचीय वर्कशॉपला.
या, सोडतो नाक्यापर्यंत.'
बावन्न सीट मोकळ्या.
मी बसले नाही.
मधोमध उभी राहिले, पाय फाकवून,
दांड्याला हात न लावता.
पोवई नाक्याच्या चढाला गाडी हिसकली
आणि गुडघे आपोआप सैल,
कंबर डावीकडे, मान ताठ,
छातीत कुणीतरी शटर वर केल्यासारखं
खडखडत
हवा आत.
भिशी आठवली. तीन हजारच तर आहेत.

मी दोरी ओढली. दोनदा.
फडतरे आरशातून हसले,
'कुणाला घेतलं हो मॅडम?'

कंबर रात्री बोललीच.
बोलू दे, तिचंही बरोबर आहे.
गोळी घेतली, शेक घेतला,
भिंतीकडे तोंड करून झोपले
आणि झोप लागली, हे विशेष.

आता खिडकीत
दोन पासांच्या मध्ये करून बघते.
एक घंटी: थांब.
दोन घंट्या: चल.
श्वासाला तेवढं कळतं,
जास्त शिकलेला नाही तो.
रोज जमतं असं नाही.
सोमवारी कॉलेजची पोरं रांगेत असली
की खांदा पुन्हा त्याच्या जागी जातो.

संध्याकाळी दुधाचं पातेलं उतरवताना
ओट्यापुढे पाय फाकवले,
आणि एक हेलकावा घेतला, सावकाश,
दूध न सांडता.
हे दारातून म्हणाले, 'डुलतेस काय गं?'

वळण होतं, म्हटलं.