पुठ्ठा

तुर्कूतला दुकानदार म्हणाला, बत्तीस इंची घ्या,
दोन पानं शेजारी शेजारी मावतील.
इर्मेलीनं मान डोलावली, घेतलं काहीच नाही.

घरी येऊन फ्रीजच्या खोक्याचा पुठ्ठा कापला,
कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत बत्तीस,
टेबलावर खिडकीशी उभा केला
आणि त्याच्यासमोर बसून राहिली,
काम करत असल्यासारखी.

साडेतीनला अंधारलं.
समोर ताइस्तोचा दिवा लागला असणार,
रोज लागतो तसा.
पुठ्ठ्याला काय त्याचं.

तिनं कात्री घेतली.
सत्तावीस. अर्धाच दिवा.
चोवीस.
बनियनवरचा ताइस्तो, हातात किटली,
खिडकीबाहेरचं थर्मामीटर वाचताना.

चकचकीत पडदा नको, हेही तेव्हाच ठरलं.
आपलंच तोंड कोण बघणार दिवसभर?

गुरुवारी खोकं आलं.
पुठ्ठ्यावर आता मांजर झोपतं.
त्याला बत्तीस चाललं असतं.