नाळी बर्री

उद्यमबागेत तिसऱ्या गेटवर
वॉचमननं माझं नाव वहीत लिहिलं, कानडीत.
पहिल्यांदाच बघितलं मी स्वतःला असं गोल गोल,
ताटलीतून सांडलेल्या वाटाण्यांसारखं.
सटुप्पा.
'हेसरु नम्द ऐतल्ला,' तो हसला.
नाव तर आमचंच की.

हेच नाव भोसरीत नडलं होतं.
'आप्पा, तू कानडी काय रे?' म्हणायचे,
आणि माणसं कमी करायची वेळ आली
तेव्हा यादीत वरून पहिला मी.
चंदगडाकडं आमच्या वाडीत
घरटी एक सटुप्पा असतो,
हे कुणाकुणाला सांगत बसू?

आत साहेब. टेबलावर पाटी: देसाई.
आडनाव वाचून मी मराठीत सुरुवात केली.
ते कानडीत बोलले.
मी हिंदीत आलो, ते इंग्रजीत गेले.
मधे माझं आयटीआयचं सर्टिफिकेट पंख्यानं फडफडत होतं.
त्यांनी त्यावर पेपरवेट ठेवला.

मग लेथवर एक पीस काढायला लावला.
बीड कातताना उडणारी काळी पूड,
नाकात ओळखीची.
हात घरी पोचल्यासारखे चालले.
साहेबांनी मायक्रोमीटर लावला. परत लावला.
'नाळी बर्री.'

उद्या या.
चार गेटं, चार दिवस.
एवढीच कानडी आता पक्की येते मला.

रात्री खासबागेतल्या खोलीवर डोळा लागत नाही.
दोन शतांश जास्त गेलं असेल का, खरंच?
की तोंड उघडलं तेव्हाच रिजेक्ट झाला तो पीस?
सांगितलं असतं तर भांडलो तरी असतो,
नाहीतर शिकलो असतो.

शेजारच्या चटईवर बलांगीरचा दुखबंधू.
परवा आला, काल फाउंड्रीत लागला.
'यांना बरी लागत नाही रे भाषा,' मी म्हणालो,
अंधारात, जरा मोठ्यानंच,
आणि आवाज ऐकून दचकलो.
भोसरीतला होता तो, हुबेहूब.

दुखबंधूला कळलं की नाही, माहीत नाही.
'रोजाला शंभर कमी मागितले,' एवढं बोलला
आणि पाण्यातला भात माझ्याकडं सरकवला.
कांदा त्याच्याकडं एकच होता.

सकाळी पुन्हा गेट.
वॉचमन वही फिरवतो, पेन पुढं करतो:
आज तूच लिही.
मी कालची ओळ बघून गिरवत जातो.
'स' जमतो.
'टु'पाशी हात अडतो.
मागं रांग आहे.