फळी

आदल्या रात्रीच बाबांनी फळी कूलरच्या टाकीत बुडवली,
तरंगू नये म्हणून वर वरवंटा ठेवला.
म्हणाले, रातभर पिऊ दे तिले पाणी.
मग काय, खसाच्या ताट्यांमधून
लाकूडही थोडं थोडं येत राहिलं खोलीत,
ओल्या आंब्याचा तुरट, गोडसर वास.
झोपेत मला वाटलं, कुणी आमराई कापतंय
हळूहळू, आवाज न करता.

काल सेहेचाळीस होतं. आज सत्तेचाळीस म्हणतात.

लकडगंजच्या आरागिरणीत एकेचाळीस वर्षं.
उजव्या हाताची करंगळी तिथंच राहिली,
एकोणनव्वद साली, सागाच्या ओंडक्यापाशी.
नाक मात्र केव्हा गेलं, कळलंच नाही.
भुसा साचत गेला असेल. एक दिवस
डाळ करपली, अख्खं घर धावलं,
आणि बाबांनी पेपरातून मान वर केली नाही.

गिरणीत तवा नव्हता.
दुपारच्या सुट्टीत कुणीतरी मासोळ्या आणायचं,
फळकुटं तर पायाखालीच.
सागावर नोको ठेवू, तेल कडू सुटते.
निंबाचं तर इचारूच नोको.
आंबा घे. नाहीतर मोह, भेटला तर.
अशी मी लाकडं शिकले,
पाढे शिकत होते त्याच वर्षी,
आणि पाढे आता आठवत नाहीत.

संध्याकाळी गच्चीवर तीन बादल्या पाणी टाकलं.
पहिली बादली तर गच्चीनं दिसूही दिली नाही.
दमयंतीकडची कतला, दीड किलोची.
तोतलाडोहची हाय ताई, म्हणाली, सकायचीच.
पाठीतून चिरून पुस्तकासारखी उघडली,
भिवापुरी मिरची, मीठ, किसलेली कैरी,
जवसाचं तेल, मूठभर सांबार.
दोन विटा, मधे निखारे,
वर ओली फळी, फळीवर मासा, कातडं खाली.

बाबा खुर्चीत. तोंड विस्तवाकडे नाही,
कान विस्तवाकडे.
ओजस विचारतो, आजोबा, झालं?
थांब.
झालं?
अजून बोलली नाही ते.

मग फळी बोलली. एक बारीक, कोरडी टिचकी,
जशी म्हातारं माणूस उठताना गुडघ्यातून येते.
बाबांनी चार बोटांचा हात वर केला.
आता कडेनं पाणी मार. पलटू नोको.
फळीवरचा मासा पलटत नसते.

धूर सगळ्यांच्या डोळ्यांत गेला.
त्यांच्याही. तेवढं बरं वाटलं मला.

तव्यावरून ताटात असं काही नव्हतंच,
फळी मधे ठेवली आणि चारी बाजूंनी हात.
चिन्नोरचा भात, ठेचलेला कांदा.
लाईट गेली होती, कुणाला पडली नव्हती.
बाबा सावकाश चावले, काटा बोटानं काढला.
आंबट लागते, म्हणाले. तिखट लागते.
बाकीचं तू सांग.

मी सांगायला गेले.
धूर, म्हटलं. जरासा जळका. कैरीसारखा, पण कैरी नाही.
आतून गोड. मग ओला. मग...
मला शब्दच मिळेना. म्हटलं,
बाबा, तुमचा खाकी शर्ट होता ना,
दाराच्या खिळ्यावरचा, धुवायच्या आधीचा.
ते काही बोलले नाहीत.
शेपटीकडचा तुकडा माझ्याकडे सरकवला,
जो ते कधीच कुणाला देत नाहीत.

फळीवर माशाचा काळा आकार उरला,
डोकं, पोट, शेपटी, सगळं जागच्या जागी.
ती आता दुसऱ्यांदा चालणार नाही.
ओजसनं तरी शहाणपणा केला, न विचारता
धुवायला म्हणून तिला पुन्हा टाकीत टाकली.

पहाटे लाईट आली, कूलर सुरू झाला,
आणि अख्ख्या बगडगंजात मासे पोहायला लागले.
खापेकर काकू गॅलरीतून ओरडल्या, काय मेलं व तुमच्या घरी?
आम्ही नाकाला पदर, रुमाल, उशी, मिळेल ते.
बाबा कूलरसमोर, गार वाऱ्यात, निवांत, बनियनवर.
कायचा वास, म्हणाले,
कायचा वास येऊन राहिला रे?